वरचा मजला

सोमवार, ३ फेब्रुवारी

नोकरी लागली एकदाची. सोफ्यांचं दुकान बंद पडल्यापासून घरात बसून अंगाला मुंग्या आल्या होत्या. काम चांगलं आहे: वृद्ध निवासासाठी देणगीदार सांभाळायचे आणि स्वयंसेवक जमवायचे. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे आधी लोकांना बसायला सोफे विकायचीस, आता बसलेली माणसं विकणार." मी उशी फेकून मारली.

इमारत दुमजली आहे. हिंडतीफिरती मंडळी खाली राहतात आणि अंथरुणाला खिळलेली वर. असं उलटं का, म्हणून विचारलं, तर मोठ्या बाई म्हणाल्या, "बाग खाली आहे. ज्यांचे पाय चालतात त्यांनी तरी ती वापरावी." मोठ्या बाई म्हणजे इथल्या मुख्य. पूर्वी इस्पितळात परिचारिका होत्या. हसत नाहीत फारशा.

सोमवारी न्हाव्याचं दुकान बंद असतं, म्हणून तो इथे येऊन सगळ्यांच्या दाढ्या फुकट करतो. त्याला म्हटलं, तुमचा एक छानसा फोटो काढू का? तर म्हणाला, "बाई, माझा कशाला? यांचाही नको. साबण लावलेल्या तोंडानं कुणी बरं दिसतं का?"

वरच्या मजल्यावर दोघीजणी लगेच लक्षात राहिल्या. एक राणीसाहेब. कमरेखाली काही हलत नाही, पण पलंगावरून सगळ्यांना हुकूम सोडतात. दुसरी काजबटण आजी. आयुष्यभर शिवणाच्या कारखान्यात काज-बटणं केली, म्हणून हे नाव. ती धडधाकट आहे, तिला खाली बागेकडची खोली मिळत होती, तरी राणीसाहेबांसाठी वर राहिली आहे. दिवसभर कुणाचा ना कुणाचा सदरा मांडीवर. चेहरा काय सुंदर आहे! सुरकुत्यासुद्धा इस्त्री करून घातल्यासारख्या.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरच्या दोन मावश्या काम सोडून गेल्या. इस्पितळात पगार जास्त मिळतो. त्यांना तरी काय बोलणार? माणसं उचलायची, कुशीवर वळवायची, पुसायची, भरवायची; कंबर मोडून जाते. उरलेल्या एका मावशीच्या डोळ्यांखाली आज काळी वर्तुळं होती. काजबटण आजी तिच्याबरोबर चादरी बदलत होती. इथली रहिवासी ती, आणि कामाला मावशीच्या बरोबरीनं.

मोठ्या बाईंनी मला दार लावून घ्यायला सांगितलं. म्हणाल्या, नवी माणसं ठेवायला पैसा उभा राहिला नाही, तर महिनाअखेर वरचा मजला बंद करावा लागेल.

"मग वरची माणसं?"

"सरकारी इस्पितळ. नाहीतर ज्याच्या त्याच्या घरी. घर असतं तर इथे कशाला आली असती?"

म्हणजे माझ्यावर आहे आता सगळं. भीती वाटते, पण खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटते. दुकानात पडून राहिलेला सोफा मी दिव्याची जागा बदलून खपवत असे.

रविवार, ९ फेब्रुवारी

रजा असूनही गेले होते. कपडे धुण्याच्या खोलीत काजबटण आजी फोनवर बोलत होती. तिची बहीण दूरगावी असते, ती दर रविवारी फोन करते म्हणे. मी दाराशी थबकले. आजी सांगत होती, "अगं, नातू आत्ताच खेळायला गेला. सूनबाई झोपलीय, रात्रपाळी होती ना तिची, म्हणून मी इकडे मशीनपाशी येऊन बोलतेय. आज मी केला स्वयंपाक. जमतं गं, न जमायला काय झालं?"

इतकी चलाख बाई, आणि तिला आपण कुठे आहोत हेच कळत नाही! मोठ्या बाईंना म्हटलं, डॉक्टरांकडून स्मरणशक्ती तपासून घ्यायला हवी, सुरुवात असतानाच कळलेलं बरं. त्या औषधांच्या डब्या भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिला बोलू दे फोनवर. तू ऐकू नकोस."

कोरडी बाई आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

टाइल्सवाले शेठ आले होते. हे आमचे सगळ्यांत मोठे देणगीदार. बाथरूममधल्या सगळ्या फरशा यांच्याच. माणूस भला आहे. आई शेवटी त्यांच्या हातात गेली, ते सांगताना अजूनही डोळे भरून येतात. म्हणाले, "मी एकटा किती पुरणार? लोकांपर्यंत पोचायला हवं. छोटी फिल्म करा. माझी पुतणी हेच काम करते, एक पैसा घेणार नाही. पण एकच चेहरा हवा. दहा दाखवलेत तर लोक दहाही विसरतात."

मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "चेहरा आहे."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काजबटण आजी ऐकेना. "मला नको गं त्यात. दुसऱ्या कुणाला घे." का, तर सांगत नाही. नुसती सुईत दोरा ओवते. मला वाटलं लाजते आहे. छान साडी आणते, म्हटलं. तर हसली.

राणीसाहेब पलंगावरून गरजल्या, "माझी काढा फिल्म! मी बोलते की! टेलिफोन खात्यात अख्ख्या शहराशी बोलले आहे."

त्यांची काढली तर वर्गणी देण्याऐवजी लोक पळून जातील, असं आचारी नंतर म्हणाला. खूप हसलो.

संध्याकाळी आजीला बागेत गाठलं. म्हटलं, आजी, तुम्हाला सांगायला नको होतं, पण सांगते. महिनाअखेर वरचा मजला बंद होणार आहे. तुम्हाला खाली खोली मिळेल. पण राणीसाहेबांना जावं लागेल.

तिनं सुई पदराला खोचून ठेवली. मग विचारलं, "कुठे पाठवतील तिला?"

"सरकारी इस्पितळात."

"तिला पाठीला जखमा होतात. तिथे वळवायला कोण आहे?" मग पदरानं हात पुसले, हात कोरडेच होते. "फिल्म कुठे कुठे दिसते?"

"फोनवर. ज्याच्या त्याच्या."

"माझ्या बहिणीकडे साधा फोन आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "बरं. माझं नाव घालू नका."

जिंकले! घरी येताना केक घेऊन आले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

शूटिंग झालं. पुतणी हुशार मुलगी आहे. खिडकीतून ऊन आलं आणि आजी कुणाच्या तरी सदऱ्याला बटण लावत होती. बघतच राहावं असं दृश्य. पुतणीनं विचारलं, "आजी, घरची आठवण येते?" आजीनं दातानं दोरा तोडला आणि खिडकीबाहेर बघितलं. सगळी फिल्म त्या एका बघण्यात आहे.

शेवटी पडद्यावर येणारी ओळ मी लिहिली: 'सगळ्यांचे कपडे सांधणाऱ्या या आजींना आपलं म्हणणारं कुणी उरलेलं नाही.' पुतणी म्हणाली, "पण त्यांना मुलगा आहे ना?" आहे म्हणे. महिन्यातून एकदा येतो म्हणे. मी तर पाहिला नाही. आणि 'महिन्यातून एकदा येणारा मुलगा आहे' अशी ओळ वाचून कुणाचं काळीज हलणार?

रविवार, २ मार्च

विश्वास बसत नाही. फिल्म इतक्या लोकांनी पाहिली की फोन खाली ठेवायला फुरसत नाही. कोण कुठली माणसं दर महिन्याला मदत करतो म्हणतात. एका शाळेची मुलं दर बुधवारी वाचून दाखवायला येणार आहेत. दोन नव्या मावश्या कालपासून रुजू झाल्या, शिवाय एक जादा. वरचा मजला वाचला! शेठनी सगळ्यांना चहा आणि केक दिला आणि भाषण करताना रडले.

मोठ्या बाईंनीही माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काम केलंस," म्हणाल्या. पण मग विचारलं, "ती शेवटची ओळ तिला वाचून दाखवली होतीस?"

मी म्हटलं, आजींना चष्म्याशिवाय काही दिसत नाही.

"मी वाचून दाखवण्याबद्दल विचारलं."

काजबटण आजी चहाला आली नाही. आज रविवार, फोन चालू असेल म्हणून बघायला गेले. धुण्याच्या खोलीत ती फोन मांडीवर घेऊन नुसतीच बसली होती. बहिणीचा आला नाही, म्हणाली.

शुक्रवार, १४ मार्च

आज काय झालं ते कधी एकदा लिहिते असं झालंय.

काजबटण आजीचा मुलगा आला. पन्नाशीचा, बारीक, एका ऑफिसच्या इमारतीत पहारेकरी आहे, अंगावर तोच गणवेश. आल्या आल्या विचारलं, "ती फिल्म कुणी केली?" मी पुढे झाले. वाटलं आभार मानेल. तो म्हणाला, "आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दाखवली. सगळ्या मजल्यांवर फिरली आहे. लिफ्टमध्ये माझ्याकडे बघतात आणि बोलायचे थांबतात." त्याचा आवाज फाटला. "आपलं म्हणणारं कुणी नाही? माझ्या सुट्टीच्या दिवशी मी कुठे असतो, हे विचारलंत कुणाला?"

मग म्हणाला, मी आईला न्यायला आलो आहे.

मोठ्या बाई त्याला आत घेऊन गेल्या, खूप वेळ समजावत होत्या. पण तो ऐकेना. आजी पिशवी भरत होती. मी धावत वर गेले आणि म्हटलं, "आजी, घरी चाललात! बघा, फिल्ममुळे झालं!"

तिनं माझ्या गालावर हात फिरवला. "तू चांगली आहेस गं," म्हणाली. मला रडूच आलं. राणीसाहेबांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. आजीनं त्यांच्या उशीची खोळ सारखी केली, थोडा वेळ पलंगावर बसली, मग उठली.

फाटकात मी मायलेकांचा फोटो काढला. मुलगा खाली बघतोय, पण ठीक आहे. माणूस ओशाळला की खाली बघतोच. शेवटी पाझर फुटला ना!

मोठ्या बाई खिडकीतून बघत होत्या. म्हटलं, बघितलंत? त्या म्हणाल्या, "त्याच्याकडे एक खोली आहे. बायको रात्रपाळी करते. चार वर्षांपूर्वी हाच माणूस इथे या खुर्चीत बसून तोंड झाकून रडला होता." आणि निघून गेल्या.

रविवार, २३ मार्च

राणीसाहेब जेवत नाहीत. हुकूमही सोडत नाहीत. नवी मावशी सांगत होती, चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटून घेतात. न्हावी सोमवारी वर गेला होता, त्यांना हसवायला म्हणाला, "राणीसाहेब, तुमची दाढी करू का?" एरवी त्यांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. नुसतं बघितलं त्याच्याकडे.

काजबटण आजीचा पलंग दुसऱ्याच दिवशी भरला. फिल्म बघून जागेसाठी इतके अर्ज आले आहेत की आता कुठेच जागा नाही. नव्या आजी सारख्या झोपलेल्या असतात.

आज मला एक गोष्ट उमगली आणि मग झोपच येईना. रविवारी फोनवर काजबटण आजी जे सांगायची, ते तिला भास होत नव्हते. सुनेची रात्रपाळी आहेच. नातूही आहे. तिला पक्कं ठाऊक होतं ती कुठे आहे. ती मुलाची लाज राखत होती.

मी स्मरणशक्ती तपासायला निघाले होते.

मंगळवार, १ एप्रिल

शेठना दुसरी फिल्म हवी आहे, 'आजी घरी परतल्या' म्हणून. मी म्हटलं आधी भेटून येते. एकटीच गेले.

चाळवजा इमारत, तिसरा मजला, लांबलचक व्हरांडा. दाराला बाहेरून कुलूप. परत फिरणार, तेवढ्यात दाराशेजारच्या खिडकीच्या गजांतून आवाज आला, "कोण आहे?"

आजी होती. आत अंधारात तिचा चेहरा लहान दिसत होता.

"कुलूप का लावलंय?"

"अगं, मी परवा गॅस चालू ठेवून विसरले. शेजारी ओरडले. मुलगा कामावर, सून सकाळची येऊन थोडी झोपते आणि दुसऱ्या कामाला जाते. नातू शाळेत. मग काय करतील? काळजीनं लावतात." ती घाईघाईनं बोलत होती. "सून चांगली आहे. पलंग मला दिलाय, ते तिघं खाली झोपतात. मी रात्री उठते ना, त्यांच्या अंगावर पाय पडतो. मग मी उठतच नाही."

हातात सुई नव्हती. विचारलं, तर म्हणाली, अंधार आहे गं इथे.

"आजी, परत येता का?"

"आता कशी येऊ? त्याला लोक काय म्हणतील? अख्ख्या जगानं बघितलंय." मग गजांतून माझी बोटं धरली. "ती जेवते का?"

मी हो म्हटलं.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं डोकं दुखतंय.

शेठना कळवलं, दुसरी फिल्म होणार नाही. ते म्हणाले, घाई नको, विचार करा, लोक वाट बघतायत.

मंगळवार, ८ एप्रिल

आजी पडली. दोरीवरचे कपडे काढायला स्टुलावर चढली असावी. नातू शाळेतून येऊन बंद दाराबाहेर खेळत होता, आतून काहीतरी आवाज आला तर त्याला वाटलं आजी भांडी घासते आहे. सून आली तेव्हा कळलं. खुब्याचं हाड मोडलंय, आणि डोक्यालाही मार आहे.

मोठ्या बाई आणि मी इस्पितळात गेलो. आजी शुद्धीत नव्हती. मुलगा बाकावर गणवेशात बसला होता. मला बघून उठून जाईल असं वाटलं, पण तो सरकून बसला. मला जागा करून दिली.

मग म्हणाला, "मावशीला, म्हणजे आईच्या बहिणीला, मी तेव्हाच सांगितलं होतं. आईला निवासात ठेवलं त्याच आठवड्यात. मला लपवणं जमलं नाही. मावशी म्हणाली, तू मला सांगितलंस हे तिला कळू देऊ नकोस. ती घरच्या गोष्टी सांगेल तर मी ऐकून घेईन." तो हातातली टोपी फिरवत होता. "चार वर्षं दोघी एकमेकींना सांभाळत होत्या. फिल्म आल्यावर मावशीला कुणीतरी फोन करून सांगितलं. त्यानंतर तिला फोन करायचा धीर होईना. आता काय बोलायचं, म्हणाली."

मी म्हटलं, माझं चुकलं. हे दोन शब्द तिथे इतके पोकळ वाटले की बोलले नसते तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "तुमचं कामच होतं ते."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

शुक्रवार, ११ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, इथे ठेवून उपयोग नाही, शुश्रूषा लागेल. घरी कोण करणार? मुलगा मोठ्या बाईंपुढे हात जोडून उभा राहिला. आमच्याकडे एकही पलंग रिकामा नाही. माझ्या फिल्मनंच भरलेत सगळे.

मी म्हटलं, माझी ऑफिसची खोली घ्या. मी व्हरांड्यात बसेन.

दुपारभर आवरलं. आचाऱ्यानं आणि न्हाव्यानं (शुक्रवारचं दुकान बंद करून आला तो) माझं टेबल बाहेर काढलं, जुना लोखंडी पलंग आत आणला. नव्या मावशीनं चादर घातली. राणीसाहेबांनी वरून निरोप पाठवला, उशी मऊ नको, तिला मान दुखते. कितीतरी दिवसांनी त्या काही बोलल्या. संध्याकाळी त्यांनी अर्धी वाटी सूपही घेतलं म्हणे.

आम्ही वाट बघत होतो. गाडी येणार होती. सहा वाजून गेले तरी आली नाही. मग मोठ्या बाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, "बरं" म्हणाल्या, आणि आत जाऊन पलंगावरची चादर स्वतः काढून घडी घातली.

सोमवार, १४ एप्रिल

शेवटचं सगळं आटोपल्यावर मुलानं एकच मागितलं. फिल्म काढून टाका.

शेठना फोन केला. ते म्हणाले, "वाईट झालं. फार वाईट झालं. पण त्या फिल्मवर अजून माणसं जोडली जातायत. त्या जादा मावशीचा पगार कुठून द्याल? आजींनी ती वरच्या मजल्यासाठीच केली ना? मग काढून कुणाचं भलं होणार?"

त्यांचं म्हणणं खोटं नाही. म्हणूनच जास्त त्रास झाला. मोठ्या बाईंना विचारलं. वाटलं होतं, त्या ठरवतील. त्या म्हणाल्या, "ओळ तू लिहिलीस."

दुपारी काढून टाकली. एक बटण दाबायचं होतं फक्त. मग पुतणीला फोन करून सांगितलं, ती रडली. शेठनी अजून फोन उचललेला नाही. जादा मावशीला मोठ्या बाईंनी महिनाअखेरपर्यंतचंच सांगितलं आहे. त्यानंतर वरची एक पाळी मी करणार आहे. मला काही येत नाही. आज मोठ्या बाईंनी शिकवलं: माणसाला वळवताना ओढायचं नाही, एक हात खांद्याखाली, एक मांडीखाली, आणि आधी सांगायचं की वळवते आहे.

बुधवार, १६ एप्रिल

राणीसाहेबांना कुणी काही सांगितलं नव्हतं. खालच्या खोलीत आजी आली आहे, पण चढता येत नाही, असं मावश्या सांगत होत्या. मोठ्या बाईंनाही माहीत होतं. जेवतायत तोवर जेवू दे, म्हणत होत्या.

आज मी त्यांना भरवत होते. पाचवा-सहावा चमचा असेल. त्यांनी विचारलं, "उशी मऊ तर नाही ना दिली?"

माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं. गोड, चकचकीत, दिव्याखाली ठेवल्यासारखं. इतकी वर्षं मी तेच तर करत आले.

मी वाटी खाली ठेवली. "राणीसाहेब, ती खाली नाही. ती आलीच नाही. शुक्रवारी इस्पितळातच गेली."

मला वाटलं ओरडतील, वाटी फेकतील. त्यांनी फक्त विचारलं, "एकटी होती?"

"मुलगा होता. हात धरून बसला होता."

"हं."

नव्या आजी झोपेत कण्हल्या. खाली शाळेतली मुलं काहीतरी मोठ्यानं वाचत होती, शब्द कळत नव्हते. राणीसाहेबांनी डोळे मिटले, उघडले.

"मला वळव," म्हणाल्या.

मी एक हात खांद्याखाली घातला, एक मांडीखाली. "वळवते हं," म्हटलं आणि सवयीनं त्यांना शेजारच्या पलंगाकडे वळवायला लागले. रोज त्याच कुशीवर झोपायच्या त्या.

"तिकडे नको," त्या म्हणाल्या. "भिंतीकडे."

मी भिंतीकडे वळवलं. पाठीला जखम झाली आहे. लहान आहे, पण आहे. ती पुसली, औषध लावलं आणि पुन्हा वळवायची वेळ होईपर्यंत तिथेच बसून राहिले.